पडणाऱ्या दातांसाठी

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार दिवसांनी येतं, कधी पाच. कधी पहाटे तीनला, कधी भर उन्हात. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी आमच्या बालवाडीत पोरं कमी. घरातली पिंपं, घागरी, बादल्या, अगदी पातेलीसुद्धा भरून होईपर्यंत आईचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही, आणि आई निघाल्याशिवाय तीन वर्षांचं मूल कसं येणार? भीमेवरच्या उजनी धरणातून सुमारे शंभर किलोमीटर लांबून आलेलं हे पाणी आम्ही मोजून वापरतो. त्यामुळे मुलांच्या स्वच्छतेवरचा कुठलाही तक्ता भिंतीवर लावला, की त्यातल्या पहिल्याच ओळीशी आम्ही अडतो: वाहत्या पाण्याखाली हात धुवा.

मी शहराच्या पूर्व भागात बालवाडी चालवते. एका बाजूला यंत्रमागांची खटखट, दुसऱ्या बाजूला मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांची घरं. मुलं घरी तेलुगू बोलतात, कन्नड बोलतात, दखनी बोलतात, मराठी बोलतात, आणि आमच्याकडे आली की दिवाळीच्या आत सगळ्यांची मिळून एक भाषा करून टाकतात. 'तोंड उघड' हे मला आता चारही भाषांत सांगता येतं. नोरु तेरु. बायि तेगि. मुँह खोल. दात बघता बघता शिकले.

या वयातल्या मुलांचे हात आणि दात यांच्याबद्दल मला जे वाटतं, ते आज नीट सांगायचं आहे. मूल अस्वच्छ दिसलं की आपण त्याला बोलतो, नाहीतर त्याच्या आईला बोलतो. पण साडेतीन वर्षांच्या पोराची स्वच्छता त्याच्या हातात नसतेच मुळी. नळाची तोटी किती उंचावर आहे, साबण कुठे ठेवलाय, टॉवेल कुणाचा आहे, ब्रश कुणी हातात दिला, यावर ती ठरते. हे सगळं मोठ्या माणसांनी मांडून ठेवायचं असतं. मांडणी नीट असली तर मूल आपसूक धुतं, घासतं. ती नसेल तर कितीही गाणी म्हणून घ्या, हात कोरडेच राहतात.

आधी पाण्याचं सांगते. तीन वर्षांचं मूल जेमतेम तीन फूट उंचीचं असतं. मोठ्यांचं बेसिन त्याच्या हनुवटीशी येतं. हात वर करून धुवायला गेलं की पाणी कोपरावरून काखेत उतरतं, सदरा भिजतो, आणि दुसऱ्या दिवशी ते मूल नळाकडे जायलाच तयार नसतं. म्हणून आम्ही विटांच्या ओट्यावर झाकणाचं पिंप ठेवलं, त्याच्या तळाशी तोटी बसवली आणि तोटीला एक आडवा प्लास्टिकचा पाइप जोडला. पाइप मुलांच्या कमरेइतक्या उंचीवर, खालच्या बाजूला ओळीने बारीक भोकं. तोटी सोडली की एकदम सहा मुलांच्या हातांवर बारीक धार पडते. ही कल्पना आमची नाही. फिलिपिन्समध्ये 'फिट फॉर स्कूल' नावाच्या कार्यक्रमात शाळांमधून अशाच भोकांच्या पाइपावर पोरं एकत्र हात धुतात आणि मग एकत्र दात घासतात. आमच्याकडे एका मुलाच्या आजोबांनी, जे आयुष्यभर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे कारागीर होते, दोन संध्याकाळी बसून पाइपाला भोकं पाडून दिली आणि उतारही असा काढला की शेवटच्या भोकातूनही पाणी नीट पडतं.

हिशेब करून बघा. धार बारीक असेल तर एका मुलाचे हात पाव लिटरात स्वच्छ होतात. तीस मुलं, दिवसातून तीन वेळा: साडेबावीस लिटर. घागर-दीड घागर. सोलापुरातल्या उन्हाळ्यातही एवढं पाणी निघतं. पाण्याचं कारण सांगून बालवाडीत हात धुणं बंद करायची गरज नाही, एवढंच मला यातून सांगायचंय. खालचं सांडपाणी कढीपत्त्याच्या आळ्यात जातं.

पिंपात हात किंवा मग बुडवायचा नाही, हा नियम मात्र मी मावशींसकट सगळ्यांना लावते. साठवलेल्या पाण्याचं दुखणं तिथूनच सुरू होतं. दुसरं दुखणं डासांचं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामं करून आतून काथ्याने घासायचं. घासायचं म्हणजे घासायचंच, नुसतं विसळून अंडी निघत नाहीत, ती कडेला चिकटून राहतात. पाणी कमी असलेल्या शहरात पिंप रिकामं करायला जीव होत नाही, हे मला माहीत आहे. पाणी यायच्या आदल्या दिवशी पिंप तळाला गेलेलं असतं, तेव्हाच हे काम उरकावं.

साबण लहान हातांतून निसटतो, मातीत पडतो, मग त्याला मातीच लागते. जुन्या पायमोज्यात किंवा जाळीत घालून तो पाइपाला बांधून टाकला की प्रश्न मिटतो. मुलं जाळीवर हात चोळतात आणि फेस येतो. साबणाचं काम फेसाचं नसतं खरं तर. त्याच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलकटपणाला, त्यामुळे हातावरचा स्निग्ध थर सुटतो आणि त्यात अडकलेले जंतू पाण्याबरोबर वाहून जातात. पण त्याला वेळ लागतो, किमान वीस सेकंद. वीस सेकंद मुलाला कळत नाहीत, म्हणून आम्ही बोटांची नावं घेतो: करंगळी, अनामिका, मधलं बोट, तर्जनी, अंगठा, मग तळहात, मग पाठ, मग दुसरा हात. सावकाश म्हटलं की तेवढा वेळ होतो. साबण महाग हवा असं काही नाही. कपड्याच्या साबणाचा तुकडा तेवढा नको, कातडी कोरडी पडते आणि हिवाळ्यात भेगा चरचरतात.

आणि मग टॉवेल. या एका बाबतीत सोलापूरसारखं गाव नाही. इथले टेरी टॉवेल देशभर जातात, परदेशात जातात, चादरीचं तर नावच गावावरून पडलंय. ज्या गावात टॉवेल विणले जातात त्या गावातल्या कित्येक बालवाड्यांत मात्र खिळ्याला एकच टॉवेल लटकत असतो आणि दुपारपर्यंत तो ओला, काळपट आणि सगळ्यांचा झालेला असतो. हे मला फार लागतं. नुसते हात धुऊन काय उपयोग, जर ते पुसताना शेजारच्याचं सगळं परत घ्यायचं असेल? २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती तेव्हा हे आम्ही डोळ्यांदेखत पाहिलं. डोळे बघितल्याने येत नाहीत, पण चिकट बोटांनी आणि एकाच फडक्याने नक्की येतात.

कारखान्यात विणताना डाग पडलेला, कड वाकडी गेलेला सेकंडचा माल स्वस्तात मिळतो. त्यातून वीतभर रुंदीचे नॅपकिन कापले, कडा शिवल्या, कोपऱ्यावर नाडी लावली आणि प्रत्येकावर रंगीत दोऱ्याने एकेक चित्र काढलं: पोपट, डाळिंब, पतंग, चांदणी, बैल. मुलाला नाव वाचता येत नाही, पण आपला पोपट तो लांबून ओळखतो. खुंट्या इतक्या अंतरावर की एकाचा नॅपकिन दुसऱ्याला टेकू नये. शनिवारी मूल आपला नॅपकिन घरी घेऊन जातं, सोमवारी धुऊन आणतं. आपल्या उन्हात तो अर्ध्या तासात खडखडीत वाळतो. एवढं ऊन आपल्याला दिलंय, ते या कामी यावं.

आता दात.

'पडणारच हायत की बाई ते. दुधाचे हायत.' हे मी इतक्या आयांकडून, आज्ज्यांकडून, कधी शिकलेल्या वडिलांकडूनही ऐकलंय की ते वाक्य आता मला या विषयाचं मूळ वाटतं. बाकी सगळं समजावून सांगता येतं, पण जी वस्तू पडून जाणार आहे तिच्यासाठी पाणी, पैसा आणि वेळ का घालवायचा, हा प्रश्न खरा आहे. त्याला उत्तरही खरंच दिलं पाहिजे.

दुधाचे दात वीस. पुढचे चार-चार सहा-सात-आठ वर्षांत पडतात हे बरोबर. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा, अकरा, कधी बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे बालवाडीतल्या चार वर्षांच्या मुलाला त्या दाढांवर आणखी सात-आठ वर्षं जेवायचं आहे. पाचवी-सहावीपर्यंतची सगळी भाकरी त्याच दाढांनी चावायची. शिवाय त्या खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा राखतात. दाढ किडून लवकर काढावी लागली की शेजारचे दात त्या मोकळ्या जागेत सरकतात आणि पक्का दात आला की त्याला वाट उरत नाही. दुधाच्या दाताचं वरचं कवचही पक्क्या दातापेक्षा पातळ असतं, त्यामुळे कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत लवकर पोचते. मोठ्या माणसाच्या दातात जी कीड वर्ष-दोन वर्षं रेंगाळेल, ती मुलाच्या दातात काही महिन्यांत ठणका देते.

आणि ठणका लहान मूल सांगत नाही. 'माझी डावीकडची खालची दाढ दुखते' असं चार वर्षांचं पोर म्हणणार कसं? ते वेगळ्या पद्धतीने सांगतं, आणि ती पद्धत सोलापुरातल्या बाईला सहज ओळखता येईल. आपल्या घरात ज्वारीची भाकरी असते, कडक भाकरीही असते. जे मूल कालपर्यंत भाकरीचा पापुद्रा मागत होतं ते एकाएकी भाकरीला नको म्हणायला लागतं. चहात बुडवलेलं बिस्किट चालतं, मऊ भात चालतो, केळं चालतं. आई म्हणते, नखरे करतंय. आज्जी म्हणते, लाडावलंय. एका बाजूने चावणं, घास गालात धरून ठेवणं, रात्री रडत उठणं, गार पाण्याने दचकणं: एवढं दिसलं की मी मुलाला दारातल्या उजेडात घेते आणि तोंड उघडायला लावते. बहुतेक वेळा मागे काळा खड्डा असतो. मग चक्र फिरायला लागतं. दात दुखतो म्हणून भाकरी नको, भाकरी नको म्हणून बिस्किट-चहा, बिस्किट-चहा म्हणून आणखी कीड. वजनाच्या तक्त्यावर मूल खाली जातं आणि आपण पोषणाचं बोलत बसतो. कुपोषित म्हणून नोंदलेल्या प्रत्येक मुलाचं तोंड एकदा उघडून बघा, ही माझी प्रत्येक अंगणवाडी ताईंना हात जोडून विनंती आहे.

कीड म्हणजे खरोखरचा किडा नव्हे, हे मुलांच्या आज्ज्यांना पटवायला वेळ लागतो, कारण गावोगाव कानातून, दातातून किडा काढून दाखवणारे फिरत असत. तोंडात जंतू असतात, ते साखर खातात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाने दातातलं खनिज विरघळतं. प्रत्येक वेळी गोड तोंडात गेलं की पुढचा साधारण अर्धा तास हे आम्ल काम करत राहतं, मग लाळ हळूहळू ते निवळवते आणि झीज थोडी भरून काढते. म्हणजे साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा तोंडात गेली हे महत्त्वाचं. सणाला पुरणपोळी पोटभर खाऊन मोकळं झालेलं मूल परवडलं. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा सकाळपासून दुपारपर्यंत एकेक करून चघळणाऱ्या मुलाच्या लाळेला दात सावरायला उसंतच मिळत नाही. झोपेत लाळ कमी होते, म्हणून दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणारं मूल वरचे पुढचे दात सगळ्यात आधी घालवतं. खालचे पुढचे दात चोखताना जिभेखाली झाकलेले असतात, ते वाचतात. वरच्या चार दातांच्या तपकिरी ठुटक्या घेऊन आलेलं मूल बघितलं की त्याच्या रात्री कशा गेल्या असतील ते कळतं.

खड्डा पडायच्या आधी दात एक खूण देतो. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ. ओठ वर उचलून, दात कोरडा पुसून बघितलं तरच दिसते. त्या टप्प्यावर नीट घासणं, दात कणखर करणारं फ्लोराइड आणि गोडाच्या वेळा कमी करणं यांनी कीड थांबते, रेघ पुसटही होते. म्हणून आम्ही महिन्यातून एकदा 'ओठ उचल' करतो. मुलं आरशात आपले दात बघतात, मी त्यांच्यामागे उभी राहून बघते. वहीत खूण करते. आईला संध्याकाळी एकटीला गाठून सांगते.

एकटीला, कारण मला स्वच्छतेची जाहीर तपासणी मनापासून नावडते. सोमवारी ओळीत उभं करून 'नखं दाखवा' म्हणायचं, ज्याची वाढलेली त्याला बाजूला काढायचं, उवा सापडलेल्या मुलीला मागे बसवायचं, हे अजूनही अनेक ठिकाणी चालतं. नखं त्या मुलाने वाढवलेली नसतात. नखं वाढलेली दिसली तर कापून टाकावीत, मावशींकडे नेलकटर असतो, दोन मिनिटांचं काम आहे. नखांखाली जंताची अंडी राहतात म्हणून कापायची, आणि फेब्रुवारी-ऑगस्टमध्ये राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी मुलाने चावून खाल्ली का ते बघायचं. उवांचा तर घाणेरडेपणाशी संबंधच नाही. डोक्याला डोकं लागलं की त्या जातात, आणि या वयात मुली डोक्याला डोकं लावूनच खेळतात. ओल्या केसांतून बारीक दातांची फणी रोज फिरवणं हा त्यावरचा उपाय. लाजेने मात्र मूल बालवाडीत यायचंच बंद होतं, आणि जे मूल येत नाही त्याची नखंही कुणी कापत नाही.

मुलाला स्वच्छ करणं हेच शिक्षण, हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या, आणि या दोघींनी वारली आदिवासी पाड्यांवरच्या अंगणात जाऊन मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं, नखं कापणं इथून शाळेचा दिवस सुरू केला. ताराबाईंनी मुलाला 'आधी स्वच्छ होऊन ये' म्हटलं नाही, बादली घेऊन त्याच बाहेर पडल्या. आमच्या भिंतीवर ज्यांचे फोटो आहेत त्यात त्या दोघी आहेत, आणि गाडगेबाबा आहेत, हातात खराटा घेतलेले.

बालवाडीत दात घासून घ्यायचे हे ठरवलं तेव्हा पहिला प्रश्न अर्थातच पाण्याचा आला. तीस मुलं, चुळा, थुंकणं, बेसिन एक. मग आम्हाला कळलं की दात घासायला पाणी लागतच नाही. फ्लोराइडची पेस्ट वापरायची असेल तर घासून झाल्यावर नुसतं थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर राहून काम करतं. चूळ भरली की ते धुऊन जातं. जेवणानंतर चूळ भरायची आपली जुनी सवय फार चांगली आहे, ती सोडायची नाही. फक्त पेस्टनंतर ती आवरायची. पाणीटंचाईच्या गावाला हे किती सोयीचं! आता खिचडी-उसळ खाऊन झाली की मुलं चटईवर गोल बसतात, तोंडात कोरडाच ब्रश, समोर वर्तमानपत्राचा द्रोण थुंकायला.

बारकावे महत्त्वाचे आहेत. पेस्टची ट्यूब एकामागून एक सगळ्यांच्या ब्रशला टेकवायची नाही, नाहीतर एकाच्या तोंडातलं दुसऱ्याच्या तोंडात जातं. मावशी एका स्वच्छ ताटाच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर पेस्टचे ठिपके ठेवतात आणि प्रत्येक मूल आपला ठिपका ब्रशने उचलतं. तीन वर्षांच्या आतलं असेल तर तांदळाच्या दाण्याएवढा, पुढे वाटाण्याएवढा. जाहिरातीत ब्रशभर पेस्टची लाट दाखवतात ती मुलांसाठी नाही, कारण लहान मुलं थोडी गिळतातच. बोअरच्या पाण्यात आधीच फ्लोराइड जास्त असलेल्या गावांनी डॉक्टरांना विचारून मगच पेस्ट ठरवावी. ब्रश लाकडी पट्टीच्या भोकांत उभे, उघडे, एकमेकांना न टेकलेले. ओला ब्रश झाकणाच्या डब्यात बंद केला की त्यावर जंतू वाढतात. खाली पडलेला किंवा दुसऱ्याने तोंडात घातलेला ब्रश धुऊन परत द्यायचा नाही, फेकून द्यायचा. तीन महिन्यांनी सगळेच नवे. ब्रशच्या मागेही तेच पोपट आणि पतंग.

बालवाडीतलं घासणं पुरत नाही, हे मी आयांना पुन्हा पुन्हा सांगते. रात्री झोपताना घासणं सगळ्यात मोलाचं, आणि ते मोठ्या माणसाने करायचं. सहा-सात वर्षांपर्यंत मुलाच्या मनगटाला ते जमतच नाही, ते पुढचे दोन दात घासतं आणि पेस्ट चाटतं. आपल्या आज्ज्यांना बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची विद्या येते. तसंच मुलाचं डोकं मांडीवर घ्यायचं, वरून तोंडात बघायचं आणि मागच्या दाढांपासून सुरुवात करायची. दोन मिनिटं. आईला वेळ नसेल तर आज्जीने, आजोबांनी, बापाने.

बापाने हे मी मुद्दाम लिहिलंय. आमच्या भागातल्या आईचा दिवस मला माहीत आहे. विडीची मजुरी हजारावर असते. हजार विड्या वळून कारखान्यात दिल्या, तपासणीत काही बाजूला काढल्या गेल्या, उरलेल्यांचे पैसे. पाच रुपयांचा पुडा हातात दिला की मूल अर्धा तास गप्प बसतं, आणि अर्ध्या तासात पन्नास विड्या होतात. बिस्किटाला नावं ठेवायच्या आधी हे गणित समजून घेतलं पाहिजे. मी त्या अक्कांना बिस्किट बंद करा म्हणत नाही. जेवणाबरोबर द्या, मध्ये मध्ये नको, एवढंच म्हणते. मधल्या वेळेला गाजर, काकडी, पेरू, हंगामात डाळिंबाचे दाणे, शेंगादाण्याचं कूट घातलेली भाकरी. अख्खे दाणे आणि फुटाणे मात्र चार वर्षांच्या आतल्या मुलाला देऊ नका, श्वासनळीत अडकतात.

दुसरी गोष्ट तंबाखूची, आणि ती सांगताना मी आवाज खाली आणत नाही. ज्या हातांनी विडी वळली जाते त्याच हातांनी घास भरवला जातो. तंबाखूची धूळ बोटांना असते. आधी साबणाने हात. आणि दुखऱ्या दाताला मिशरी लावायची नाही. आज्जी स्वतः मिशरी लावते, तिला बरं वाटतं, मायेने ती नातवाच्या हिरडीलाही लावते. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली, पण तव्यावर भाजलेल्या तंबाखूवर कायदा कसा पोचणार? तिथे नातच पोचते. एका चार वर्षांच्या मुलीने आज्जीला आपला चांदणीचा ब्रश दाखवून 'तूपण हेच घास' म्हटलं, आणि त्या आज्जी दुसऱ्या दिवशी ब्रश कुठे मिळतो ते विचारायला आल्या. मला त्या दिवशी फार आनंद झाला.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायला येतं, आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दातही आहेत. मुलाचं तोंड बघितलं का, काय सांगितलं, कुठे पाठवलं, हे विचारायचा हक्क आईला आहे. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांनी संघटित होऊन दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत मिळवली. घर मिळवलेल्या बायका दातांचा डॉक्टर नक्की मिळवू शकतात. स्कॉटलंडमध्ये 'चाइल्डस्माइल' कार्यक्रमात बालवाड्यांमधून रोज मोठ्यांच्या देखरेखीखाली दात घासून घेतात, आणि मुलांच्या दातांच्या उपचारांवरचा वाचलेला खर्च काही वर्षांतच त्या ब्रश-पेस्टच्या खर्चाहून जास्त भरला. आपल्या अंगणवाडीत खिचडी शिजते, वजन होतं, लसीची नोंद होते. त्यात एक ब्रश आणि एक ट्यूब बसवणं अवघड नाही. त्यासाठी मी निवेदनं लिहिते आणि लिहीत राहीन.

मोठ्या गटातल्या मुलांच्या आयांशी मी एप्रिलमध्ये वेगळी बसते. सहाव्या वर्षाच्या सुमाराला शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून ती आली हे घरात कुणाला कळतच नाही, आणि कळलं तरी तिलाही दुधाचीच समजतात. ती पक्की असते. तिच्या वरच्या खाचा खोल असतात, अन्न अडकतं, आणि पहिली-दुसरीतच ती किडायला लागते. त्या खाचा दंतवैद्य लेप लावून बुजवू शकतात. आईचं बोट धरून मी मुलाच्या तोंडात ती जागा दाखवते.

मेची सुट्टी हा आमचा कच्चा दुवा आहे. दीड महिना बालवाडी बंद, मुलं मामाच्या गावी, अक्कलकोटला, विजापूरला, तेलंगणात, आणि जूनमध्ये परततात तेव्हा ब्रशचा पत्ता नसतो. या वर्षी आम्ही असं ठरवलं आहे की सुट्टीत दर शनिवारी ऊन उतरल्यावर, सहा वाजता, बालवाडीचं दार उघडायचं. गावात असतील ती मुलं आणि त्यांच्या आज्ज्या येतील. चटई टाकायची, आज्जीच्या मांडीवर नातवाचं डोकं, आणि मागच्या दाढा घासायचा सराव. सेकंडच्या मालाचे नॅपकिन त्यांच्याकडूनच शिवून घ्यायचे, कारण जूनला नव्या मुलांना लागणार आहेत. बाहेरगावी जाणाऱ्यांना नवा ब्रश आणि छोटी ट्यूब बरोबर द्यायची आहे. त्याचे पैसे अजून जमायचे आहेत. वस्तीतल्या दोन दुकानदारांशी बोलणं झालंय, एकाने ब्रश खरेदीच्या भावात द्यायचं कबूल केलंय.